अंधाऱ्या आकाशाचा शोध : जबलपूरच्या विजय नगरपासून पेंचपर्यंत

पाणी, जमीन आणि हवा यांच्या ऱ्हासाची मोजणी आता नियमितपणे केली जाते. अंधाराच्या ऱ्हासाची नोंद मात्र क्वचितच होते. रात्रीचे स्वच्छ, काळोखे आकाश ही देखील एक नैसर्गिक साधनसंपत्ती आहे आणि नागरीकरणाबरोबर तीही वेगाने आटत आहे. या प्रश्नाच्या अभ्यासासाठी मध्य प्रदेशातील जबलपूर हे शहर सोयीचे उदाहरण ठरते. भोसलेकाळापासून मराठी कुटुंबांची वस्ती असलेल्या या शहराच्या महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार १० लाखांहून अधिक होती. ते मुंबई-पुण्याच्या तुलनेत लहान आहे. तरीही विजय नगरसारख्या निवासी वसाहतीच्या गच्चीवरून आकाशगंगेचा पट्टा पाहण्याची अपेक्षा आज करता येत नाही.

आकाशाची परीक्षा : अत्री दिसतो का?

ताऱ्याची तेजस्विता ‘प्रत’ या मापाने सांगितली जाते. प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा मंद. पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजस्वितेत १०० पट फरक होय. उत्तम अंधारात निरोगी डोळ्यांना सुमारे सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. संपूर्ण खगोलावर ६.५ प्रतीपर्यंतचे तारे सुमारे ९,००० असून एका वेळी त्यांपैकी साधारण निम्मे क्षितिजाच्या वर असतात.

सप्तर्षी हे या परीक्षेचे सोपे साधन आहे. सातांपैकी सहा तारे साधारणतः दुसऱ्या प्रतीच्या आसपासचे आहेत. चौकोन आणि शेपूट जिथे जुळतात तेथील अत्री मात्र सुमारे ३.३ प्रतीचा आहे. आकाश निरभ्र असून सप्तर्षी उंचावर असतानाही अत्री दिसत नसेल, तर त्या ठिकाणी तिसऱ्या प्रतीपलीकडचे आकाश हरवले आहे, असा निष्कर्ष काढता येतो. अधिक पद्धतशीर वर्गीकरणासाठी अमेरिकी आकाशनिरीक्षक जॉन बोर्टल यांनी २००१ मध्ये मांडलेली नऊ वर्गांची श्रेणी वापरली जाते. तीत पहिला वर्ग सर्वाधिक अंधाऱ्या आकाशाचा आणि नववा महानगराच्या मध्यभागाचा आहे.

उजेड आकाशात कसा पसरतो?

दिव्यातून थेट वर जाणारा आणि रस्ते, भिंती यांवरून परावर्तित होणारा प्रकाश हवेतील रेणू, धूलिकण व धूर यांवर आदळून विखुरतो. त्यातील काही भाग पुन्हा खाली येतो आणि आकाशाची पार्श्वभूमी उजळते. तारे आपल्या जागी असतातच. पार्श्वभूमीशी असलेला त्यांचा फरक नाहीसा होतो.

रेणूंमुळे होणारे विकिरण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. त्यामुळे ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश ६०० नॅनोमीटरच्या नारिंगी प्रकाशापेक्षा सुमारे तिप्पट विखुरतो. शुभ्र एलईडी दिव्यांत निळ्या प्रकाशाचा वाटा मोठा असल्याने ही बाब महत्त्वाची ठरते.

जागतिक पातळीवरील चित्रही चिंताजनक आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कृत्रिम उजळपणाच्या जागतिक नकाशानुसार जगातील ८० टक्क्यांहून अधिक लोक प्रकाश-प्रदूषित आकाशाखाली राहतात आणि सुमारे एक तृतीयांश मानवजातीला घरापासून आकाशगंगा दिसत नाही. २०११ ते २०२२ या काळातील नागरिकांच्या ५१ हजारांहून अधिक निरीक्षणांवर आधारलेल्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आकाशाचा उजळपणा वर्षाला सरासरी ९.६ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. या वेगाने तो आठ वर्षांच्या आतच दुप्पट होतो. ही निरीक्षणे प्रामुख्याने युरोप व उत्तर अमेरिकेतील असल्याने आकडा भारताला जसाच्या तसा लावता येणार नाही. परंतु कल स्पष्ट आहे.

अंतराचे गणित

शहरापासून किती दूर गेले म्हणजे पुरेसा अंधार मिळेल? मर्ल वॉकर या खगोलशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात मांडलेल्या अनुभवजन्य नियमानुसार, शहरामुळे येणारा उजळपणा लोकसंख्येच्या प्रमाणात वाढतो आणि अंतराच्या २.५ व्या घाताच्या व्यस्त प्रमाणात घटतो. शहरापासून १० किलोमीटरवरचा निरीक्षक २५ किलोमीटरवर गेला, तर त्या शहराचा उपद्रव सुमारे दहा पटींनी कमी होतो. तो ४० किलोमीटरवर गेला, तर ही घट ३२ पटींची असते. येथे हवाई अंतर धरावयाचे असते, रस्त्याचे नव्हे.

या दृष्टीने जबलपूरभोवतीच्या जागांचा विचार करता येतो. भेडाघाट संगमरवरी खडकांसाठी प्रसिद्ध असले, तरी शहरापासून त्याचे हवाई अंतर १५ किलोमीटरच्या आसपासच आहे. शिवाय पर्यटनस्थळाचे स्वतःचे दिवेही असतात. नर्मदेवरील बरगी धरण शहराच्या दक्षिणेस हवाई मार्गाने सुमारे २५ किलोमीटरवर आहे. धरणाच्या दिव्यांपासून दूर, जलाशयाकाठच्या मोकळ्या भागातील आकाश विजय नगरच्या तुलनेत कितीतरी समृद्ध असणार.

दिशा आणि काळ

अंतराइतकेच महत्त्व दिशेला आहे. जबलपूर सुमारे २३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे तेथून ध्रुवतारा उत्तर क्षितिजापासून सुमारे २३ अंश उंचीवर दिसतो, तर धनू राशीतील आकाशगंगेचा केंद्रभाग दक्षिणेस जास्तीत जास्त ३८ अंशांपर्यंत चढतो. हिवाळ्यात दिसणारा अगस्त्य तर केवळ १४ अंशांपर्यंतच येतो. निरीक्षक शहराच्या दक्षिणेस गेल्यास शहराचा उजेड त्याच्या पाठीमागे, उत्तरेस राहतो आणि दक्षिणेचे हे वैभव अबाधित मिळते. तेवढेच अंतर उत्तरेस गेल्यास नेमके दक्षिण क्षितिजच उजळलेले दिसेल.

काळाची निवडही विचारपूर्वक करावी लागते. आकाशगंगेचा केंद्रभाग संध्याकाळी उत्तम दिसण्याचा जून-जुलैचा काळ मध्य भारतात पावसाळ्यात सापडतो. म्हणून मार्च ते मे या महिन्यांतील अमावास्येच्या सुमारास उत्तररात्र, अथवा ऑक्टोबरमध्ये संधिप्रकाश संपल्यावर नैऋत्य आकाश हे पर्याय उरतात. सूर्य क्षितिजाखाली १८ अंश गेल्यावरच पूर्ण अंधार होतो. डोळ्यांना अंधाराशी जुळवून घेण्यास २० ते ३० मिनिटे लागतात, म्हणून मंद लाल प्रकाशाची विजेरी वापरली जाते. वनक्षेत्रात रात्री परवानगीशिवाय प्रवेश करू नये, जलाशयाच्या अगदी काठाशी जाऊ नये आणि निरीक्षण गटानेच करावे, ही पथ्ये पाळणे आवश्यक आहे.

पेंच : अंधाराचे संवर्धन

दूर जाणे हा एक मार्ग झाला. आहे तो अंधार राखणे हा दुसरा. जबलपूरहून नागपूरकडे जाणाऱ्या मार्गावर, सुमारे २०० किलोमीटरवर, त्याचा वस्तुपाठ आहे. महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पास जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. आशियातील ते पाचवे ठरले. ही मान्यता देणारी आंतरराष्ट्रीय संस्था १९८८ मध्ये स्थापन झाली. वाघोडा, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतील शंभराहून अधिक दिवे बदलून त्यांच्या जागी जमिनीकडे रोख असलेले दिवे बसविण्यात आले. गावे अंधारात लोटली गेली नाहीत. उजेड हवा तेथे आणला गेला. वन्यजीव, पर्यटन आणि गावकऱ्यांची सोय यांचा मेळ घालता येतो, हे येथे दिसून आले.

त्यापूर्वी २०२२ मध्ये लडाखमधील हानले येथे भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या वेधशाळेभोवतीचा परिसर अंधाऱ्या आकाशाचे राखीव क्षेत्र म्हणून अधिसूचित झाला. जगात या विचाराची सुरुवात अमेरिकेतील फ्लॅगस्टाफ या लहान शहराने १९५८ मध्येच केली. वेधशाळांच्या रक्षणासाठी तेथे प्रकाशझोतांवर निर्बंध घालण्यात आले. २००१ मध्ये तेच पहिले आंतरराष्ट्रीय ‘डार्क स्काय’ शहर ठरले.

कायदा आणि धोरण

भारतात प्रकाश प्रदूषणासाठी स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ मधील ‘पर्यावरणीय प्रदूषक’ या संज्ञेत घन, द्रव आणि वायुरूप पदार्थ येतात. प्रकाश येत नाही. वायू प्रदूषणविषयक १९८१ च्या अधिनियमात १९८७ च्या दुरुस्तीने ध्वनीचा समावेश झाला, प्रकाशाचा नाही.

जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पथदिवे कार्यक्रमात १ कोटी ३० लाखांहून अधिक एलईडी पथदिवे बसविले गेले. विजेची त्यामुळे मोठी बचत झाली. परंतु दिव्याचा रोख, रंग आणि वेळ यांकडे दुर्लक्ष झाल्यास वाचलेल्या विजेबरोबर आकाश मात्र गमवावे लागते. जबाबदार प्रकाशयोजनेची पाच तत्त्वे आता सर्वमान्य होत आहेत : उजेड गरजेपुरताच असावा, नेमक्या जागी पडावा, तीव्रता आवश्यक तेवढीच असावी, वेळेनुसार नियंत्रण असावे आणि रंग उबदार असावा. एलईडी दिवा मंद करणे सोपे असल्याने तो या प्रश्नाचे कारण आहे, तसाच उपायही ठरू शकतो.

रस्त्यावरील उजेड हा सुरक्षिततेचा, विशेषतः स्त्रियांच्या निर्धास्त वावराचा प्रश्न आहे. तो कमी करावा असे कोणी म्हणणार नाही. मात्र डोळे दिपवणाऱ्या दिव्यामागची सावली अधिक गडद होते, हेही तितकेच खरे. झाकलेला, खाली रोखलेला दिवा पादचाऱ्याला रस्ता दाखवतो आणि आकाशही सोडतो.

राज्यघटनेच्या अनुच्छेद ५१ क (ज) नुसार वैज्ञानिक दृष्टिकोन व जिज्ञासूवृत्ती यांचा विकास करणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे. शाळांनी दरवर्षी एप्रिलमधील अमावास्येच्या सुमारास आपल्या परिसरातून अत्री दिसतो की नाही, एवढीच नोंद ठेवली, तरी पर्जन्यमानासारखी अंधाराचीही मालिका तयार होईल. विजय नगरच्या एखाद्या विद्यार्थ्याने आज केलेली ही नोंद दहा वर्षांनी त्याच्या नगरपालिकेसमोर ठेवता येईल असा पुरावा ठरू शकेल.