चौकशी ही अमानत आहे : गिऱ्हाइकांना गुण देताना काय पाहावे?

कोणत्याही कारागिराच्या कारखान्यावर गेलो तर एक दृश्य हमखास दिसते. गल्ल्याजवळच्या खिळ्याला टोचलेल्या चिठ्ठ्या, कॅलेंडरच्या पानावर खरडलेले फोन नंबर आणि मालकाच्या मोबाइलमध्ये उत्तराची वाट पाहत पडलेले पंधरा-वीस निरोप. यातली प्रत्येक चिठ्ठी म्हणजे माल घेण्याच्या विचाराने कोणीतरी केलेली चौकशी असते. मालक दिवसभर मशीनवर असतो. रात्री फोन हातात घेतला की ज्याचा निरोप सर्वात वर दिसतो त्याला उत्तर जाते, बाकीचे खाली सरकतात. चार दिवसांनी कळते की शेजारच्या गल्लीतल्याने ऑर्डर नेली. मग आपण म्हणतो, बाजार मंदा आहे. पुष्कळदा बाजार मंदा नसतो, आपले उत्तर मंद असते.

हे दुखणे एकट्या छोट्या कारागिराचे नाही. २०११ साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये अमेरिकेतील २,२४१ कंपन्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. इंटरनेटवरून आलेल्या चौकशीला यांपैकी २३ टक्के कंपन्यांनी उत्तरच दिले नव्हते. एका तासाच्या आत संपर्क साधणाऱ्यांचे बोलणे योग्य माणसाशी पुढे जाण्याची शक्यता, त्यानंतर एखादा तास जरी उशीर करणाऱ्यांच्या मानाने जवळजवळ सातपट होती. मोठ्या पगाराची माणसे ठेवणाऱ्यांची ही स्थिती, तर एकट्याने दुकान सांभाळणाऱ्याचे काय होत असेल?

या अडचणीवर जे साधन निघाले त्याला ‘मार्केटिंग ऑटोमेशन’ म्हणतात. १९९९ साली स्थापन झालेली ‘एलोक्वा’ आणि २००६ सालची ‘मार्केटो’ या त्यातल्या जुन्या कंपन्या. पहिली ओरॅकलने आणि दुसरी २०१८ साली ॲडोबीने विकत घेतली. आपल्याकडे चेन्नईच्या ‘झोहो’चे सॉफ्टवेअर पुष्कळ ठिकाणी वापरले जाते. नावे वेगळी असली तरी काम तेच. या लेखात आम्ही त्या कामाची पद्धत सांगणार आहोत आणि त्यातल्या एका धोक्याकडेही लक्ष वेधणार आहोत.

सॉफ्टवेअर नेमके काय करते?

या धंद्याच्या भाषेत चौकशीला ‘लीड’ म्हणतात. फोन, व्हॉट्सॲप, ई-मेल, प्रदर्शन, ओळखीचा माणूस अशा अनेक वाटांनी चौकश्या येतात. सॉफ्टवेअर त्या एका वहीत आणते. पहिले उत्तर ताबडतोब पाठवते. ठरलेल्या दिवशी मालकाला आठवण करून देते. आणि चौथे काम म्हणजे प्रत्येक चौकशीला गुण देते, ज्याला ‘लीड स्कोअरिंग’ म्हणतात. आज हाती एकच तास असेल तर आधी कोणाला फोन करायचा, एवढाच त्या गुणांचा अर्थ.

गुण दोन गोष्टींचे असतात. पहिली, आपला आणि त्याचा मेळ : तो मागतो ती वस्तू आपण बनवतो का, तेवढे नग वेळेत देऊ शकतो का? दुसरी, त्याची उत्सुकता : त्याने तारीख सांगितली का, नमुना मागितला का, कोटेशन उघडून पाहिले का? एक असून दुसरी नसेल तर सौदा सहसा होत नाही. फार उत्सुक असलेला माणूस आपण बनवतच नाही ती वस्तू मागत असेल, तर त्याला योग्य दुकानाचा पत्ता देणे हेच बरे.

एक उदाहरण

समजा, धारावीत चामड्याच्या बॅगा आणि पाकिटे शिवणारा एक कारखानदार आहे. त्याने पुढीलप्रमाणे गुण ठरवले :

• वस्तू आणि नग नेमके सांगितले : १५
• माल कधी हवा ते सांगितले : १५
• नग आपल्या ताकदीत बसतात : १५
• नमुना मागवला किंवा स्वतः येऊन पाहिला : २५
• कोटेशन उघडून पाहिले : १०
• जुन्या गिऱ्हाइकाने पाठवले : १०
• महिनाभर काहीच हालचाल नाही : वजा १५
• आपण बनवत नाही ती वस्तू : वजा २५

पन्नास किंवा अधिक गुण झाले तर मालकाने त्याच दिवशी स्वतः फोन करावा. पंचवीस ते एकोणपन्नास असतील तर कोटेशन आणि फोटो पाठवून आठवड्याने विचारावे. त्याहून कमी असतील तर सभ्य उत्तर द्यावे, मागे लागू नये.

आता त्याच्याकडे एकाच दिवशी दोन चौकश्या आल्या. एका नामांकित कंपनीचा ई-मेल : ‘बॅगांचे दर कळवा.’ नग नाहीत, तारीख नाही. दुसरा निरोप एका छोट्या शाळेच्या शिक्षिकेचा : साठ दप्तरे, पाच जूनपर्यंत. दुसऱ्या दिवशी त्या येऊन नमुनाही पाहून गेल्या. सवयीप्रमाणे आपला मालक कंपनीच्या नावाने हरखून जाईल, रात्र जागून कोटेशन बनवील आणि शिक्षिकेला ‘बघू’ म्हणेल. गुण काय सांगतात? कंपनीने कोटेशन उघडले त्याचे १०. पुढे महिनाभर हालचाल नाही, वजा १५, म्हणजे शून्याच्याही खाली ५. शिक्षिकेचे १५, १५, १५ आणि २५, एकूण ७०. कंपनीला उत्तर द्यायचे नाही असे नाही, पण पहिला फोन शिक्षिकेला गेला पाहिजे.

वजाबाकी कोणाची?

आता धोक्याविषयी. ही सॉफ्टवेअरे तुम्ही सांगाल त्या कशालाही गुण देतात. पिनकोडला देतात, गावाला देतात, आडनावालाही देता येतात. व्यापाऱ्याचा हात सहज तिकडे वळतो. ‘त्या मोहल्ल्यातले लोक घासाघीस फार करतात, वजा दहा.’ ‘या आडनावाचे पैसे बुडवतात, वजा वीस.’ एकदा हे आकडे भरले की कोणाला काही सांगावेही लागत नाही. त्या वस्तीतला माणूस आपोआप यादीच्या तळाला जातो. त्याला फोन का आला नाही हे त्याला कधीच कळत नाही.

हे काय असते ते आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे? न्या. राजिंदर सच्चर समितीच्या २००६ सालच्या अहवालात नोंद आहे की काही बँकांनी मुस्लिम वस्तीचे कित्येक भाग ‘नकारात्मक क्षेत्र’ ठरवले होते आणि तिथे कर्ज व इतर सोयी सहजासहजी मिळत नव्हत्या. अर्ज करणाऱ्याचा व्यवहार चोख आहे की नाही हे पाहण्याआधी त्याचा पत्ता पाहिला जात होता. जी गोष्ट आपल्यावर अन्याय म्हणून आपण सांगतो, तीच आपल्या मोबाइलमध्ये आपण दुसऱ्यावर करावी काय?

म्हणून आमचा नियम साधा आहे. माणूस कोण आहे याला गुण नाहीत, त्याने काय केले याला गुण आहेत. एखाद्याने मागचे पैसे थकवले असतील तर त्याच्या नावावर ती नोंद जरूर ठेवा. ती त्याची करणी आहे. त्याच्या गल्लीतल्या दुसऱ्या माणसाची नाही.

कुरआनच्या ८० व्या सूरहच्या, सूरह अबसच्या, आरंभीचा प्रसंग आपल्याला माहीत आहे. कुरैशच्या सरदारांशी बोलणे चालू असताना अंध सहाबी हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मकतूम (रजि.) काही विचारण्यास आले, आणि बेपर्वा असलेल्या बड्यांपेक्षा स्वतः धडपडत आलेल्याकडे लक्ष द्यावे ही शिकवण तिथे मिळाली. तो प्रसंग दीनच्या दावतीचा होता, दुकानदारीचा नव्हता, हे आम्ही जाणतो. पण कोणाकडे आधी वळावे हा प्रश्न दुकानातही रोज पडतो, आणि त्याचे उत्तर देताना हा धडा विसरू नये.

नंबर ही अमानत

गिऱ्हाइकाने नंबर दिला तो बॅगेची चौकशी करण्यासाठी. तो दुसऱ्या दुकानदाराला देणे किंवा बाजारात विकल्या जाणाऱ्या नंबरांच्या याद्या आपण घेणे, दोन्ही अमानतीला धरून नाही. कायदाही आता तेच सांगतो. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ साली झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज ती मागे घेता आली पाहिजे, असे हा कायदा म्हणतो. कोणी ‘नको’ म्हटले तर तिथे गुणांचा प्रश्नच उरत नाही. निरोप थांबवायचे. शिवाय पुष्कळ लोकांनी ब्लॉक केले किंवा तक्रार केली तर व्हॉट्सॲप आपल्या नंबरावर बंधने घालते, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरी खबरदारी खोट्या घाईची. ‘फक्त दोन नग शिल्लक’, ‘आज रात्री भाव वाढणार’ असे निरोप सॉफ्टवेअर आपोआप पाठवू शकते. गोदामात दोनशे नग असताना हा निरोप गेला तर ते खोटे आपलेच आहे. मशीनने पाठवले म्हणून हिशेब मशीनच्या नावावर लागत नाही.

सुरुवात वहीपासून

लगेच सॉफ्टवेअर विकत घेऊ नका. एक महिना साध्या रजिस्टरवर काम करा. रकाने असे : तारीख, नाव, नंबर, चौकशी कुठून आली, वस्तू, नग, कधी हवे, काय बोलणे झाले, आणि पुढचा फोन कधी. शेवटचा रकाना सर्वात महत्त्वाचा. तो रिकामा असेल तर ती चौकशी मेली असे समजा. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकरहच्या २८२ व्या आयतीत आहे. लिहिण्याची ती सवय चौकशीलाही लावली तर नुकसान काहीच नाही.

त्यानंतर गुणांची परीक्षा घ्या. जुन्या वहीतून वीस चौकश्या काढा, दहा ज्यांच्या ऑर्डरी झाल्या आणि दहा ज्यांच्या झाल्या नाहीत. सर्वांना आपल्या तक्त्याप्रमाणे गुण द्या. ऑर्डर झालेल्यांचे गुण बहुतेक वर आले तर तक्ता ठीक आहे. दोन्हींचे गुण सारखेच आले तर तक्ता चुकला आहे, आकडे बदला. दर तीन महिन्यांनी ही तपासणी पुन्हा करा, कारण शाळा उघडण्याचा हंगाम आणि दिवाळीच्या भेटींचा हंगाम यांत गिऱ्हाइकाचे वागणे एकसारखे नसते.

वही जमली की व्हॉट्सॲप बिझनेस घ्या. हे ॲप २०१८ पासून मोफत मिळते. त्यात ‘लेबल’ची सोय आहे : आज फोन, आठवड्याने फोन, ऑर्डर पक्की, पैसे बाकी. दुकान बंद असताना आपोआप जाणारे उत्तरही त्यात लिहून ठेवता येते. महिन्याला दहा-वीस चौकश्या असणाऱ्याला एवढे पुरते. चौकश्या शंभराच्या पुढे गेल्या, किंवा फोन उचलणारी माणसे दोन-तीन झाली, तरच पैसे देऊन सॉफ्टवेअर घ्यावे. घेताना तीन प्रश्न विचारावेत. आपोआप गुण देण्याची सोय कोणत्या योजनेत आहे? ती बहुधा मोफत योजनेत नसते. दर महिन्याचा खर्च माणसागणिक वाढतो का? आणि सोडून जायचे झाले तर आपली यादी आपल्याला परत मिळते का?

शेवटी एक गोष्ट. कमी गुणांचा माणूस म्हणजे कमी किमतीचा माणूस नव्हे. त्याला फोन उद्या जाईल, पण नीट उत्तर आजच गेले पाहिजे. आज नुसती चौकशी करून गेलेला उद्या मुलीच्या लग्नाची खरेदी करायला येतो, आणि त्या दिवशी त्याला आपल्या मालाआधी आपली वागणूक आठवते. आज रात्री दुकान बंद करण्यापूर्वी खिळ्यावरच्या चिठ्ठ्या काढा, एका कागदावर उतरवा आणि प्रत्येकीपुढे पुढच्या फोनची तारीख लिहा. सॉफ्टवेअरचा विचार त्यानंतर करू.