‘अतिरिक्त कार्यभार’ या दोन शब्दांपासून सावध

दिव्यांगांच्या हक्कांवर लक्ष ठेवणारं मंडळ किंवा आयुक्तालय कुणी एका फटक्यात बंद करत नाही. तसं केलं तर बोंबाबोंब होईल. त्यापेक्षा खुर्ची काही महिने रिकामी ठेवायची, मग ती कुणा अधिकाऱ्याकडे ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणून सोपवायची आणि कारकुनापासून टपालखर्चापर्यंत सगळं त्याच खात्याकडे मागायला लावायचं, एवढ्यात काम भागतं. चौकशी करणारा आणि ज्याची चौकशी व्हायची तो, दोघं एकाच पगारपत्रकावर! म्हणून या कामात नव्याने पडणाऱ्याला मी सांगतो, उतार मोजा, पण त्याआधी खुर्चीवर कोण बसलंय ते पाहा.

2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने सध्याच्या सार्वजनिक इमारती सुगम करायला पाच वर्षं दिली. नियम जून 2017 मध्ये आले, म्हणजे मुदत जून 2022 मध्ये संपली. आता हिशेब करा. कचेरीच्या दाराशी तीन पायऱ्या, उंची 45 सेंटिमीटर. एकास बारा या प्रमाणाने तिथे 5.4 मीटर लांब उतार हवा. दीड मीटरची सिमेंटची घसरगुंडी ओतून ‘रॅम्प पूर्ण’ असा शेरा मारला, तर चाकाची खुर्ची त्यावरून चढत नाही, मागे घसरते. हे पकडायचं काम देखरेख करणाऱ्याचं. पण सुगमतेच्या मूळ नियमातच खोट आहे, हे ठरायला 2005 साली राजीव रतुरी यांनी दाखल केलेली याचिका लागली. कायदा सक्तीची भाषा बोलतो आणि नियम 15(1) नुसत्या मार्गदर्शनाची, म्हणून नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक निकष तीन महिन्यांत करायला सांगितलं. पहारेकऱ्याचं काम अशा रीतीने एका नागरिकाला करावं लागलं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: पैसा सरकारचा, मग सरकारचं म्हणणं नको का? हवं, पण किती, हा प्रश्न आहे. अमेरिकेत 1973 च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या ॲक्सेस बोर्डात 25 सदस्य असतात. त्यांत 12 सरकारी खात्यांचे आणि 13 जनतेतले, आणि या तेरांत दिव्यांगांचं बहुमत असावंच लागतं. सरकार आत आहे, पण एका मताने कमी. (नेमणुका राष्ट्राध्यक्षच करतात, तेव्हा तिथेही सगळं आलबेल समजू नका.) आपल्या राज्य सल्लागार मंडळाचा अध्यक्ष कायद्यानेच खात्याचा मंत्री असतो. सल्ला द्यायला ते मंडळ ठीक आहे. त्याला पहारा म्हणू नये. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. मुरलेल्या अधिकाऱ्याला फाइल कशी हलते ते ठाऊक असतं, बाहेरच्याला नसतं. खरं आहे. पण तो अधिकारी पूर्णवेळ नेमता येतो, आणि त्याचा कर्मचारीवर्ग नि निधी वेगळा ठेवता येतो. अडचण त्याच्या अनुभवाची नाही. उद्या ज्या खात्यात परत जायचं, त्याच्याविरुद्ध आज आदेश लिहायचा, ही ती अडचण.

आयुक्ताच्या शिफारशीला दात नाहीत, असंही म्हणतात. पूर्ण खरं नाही. कलम 81 प्रमाणे संबंधित प्राधिकरणाने तीन महिन्यांत कारवाई कळवायची असते, आणि शिफारस नाकारली तर कारणं द्यायची असतात, तीही तक्रारदाराला कळेल अशी. ही तारीख कुणी मोजतच नाही, तिथेच सगळं हातचं जातं. तेव्हा तक्रार लेखी द्या, पोच घ्या, शिफारशीची प्रत मागा आणि नव्वदाव्या दिवसाची खूण कॅलेंडरवर करा. सोबत माहिती अधिकारात तीन गोष्टी विचारा: पद पूर्णवेळ आहे का, किती दिवस रिकामं होतं, आणि गेल्या वर्षी किती शिफारशींना मुदतीत उत्तर आलं. महाराष्ट्रात या अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प पुरतो.