हिरडा एक, रंग दोन

प्रश्न : एकाच हिरड्यापासून पिवळा आणि काळा रंग कसा मिळतो? तो पर्यावरणास निर्धोक असतो का? (एक वाचक, घोडेगाव)

उत्तर : जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी कुटुंबे जो हिरडा गोळा करतात, त्यात टॅनिन, म्हणजे जिभेला तुरट लागणारे आणि सुती धाग्याला धरून राहणारे द्रव्य, मुबलक असते. हिरड्याच्या काढ्यात भिजवलेले कापड तुरटीच्या पाण्यात बुडवल्यास त्याचा पिवळा रंग पक्का होतो. मात्र पाण्यात हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, असल्यास लोह आणि टॅनिन यांचे संयुग होऊन तेच कापड हवेत करडे-काळे पडते. रंग वनस्पतिजन्य असला, तरी तो पक्का करणारा क्षार निर्धोक असतोच असे नाही. म्हणून क्रोमियमचे विषारी क्षार टाळावेत, तुरटी व हिराकस मोजूनच वापरावेत आणि उरलेले पाणी ओढ्यात सोडू नये.