‘उचल’ : शब्द एक, हिशेब अनेक

हिशेबाच्या वहीतील काही शब्द इतके परिचयाचे असतात की, त्यांचा अर्थ विचारण्याची आवश्यकता कोणास वाटत नाही. ‘उचल’ हा असाच शब्द होय. मालवण किनाऱ्यावर दुकानापासून आंब्याच्या बागेपर्यंत तो सर्वत्र वापरता येतो. अर्थ मात्र व्यवसायागणिक बदलतो.

पुस्तपालनात मालकाने घरखर्चासाठी धंद्यातून काढलेली रक्कम म्हणजे उचल. ती धंद्याचा खर्च नव्हे. तिच्यामुळे भांडवल घटते. विविध कार्यकारी सेवा संस्थेत मंजूर कर्जापैकी सभासदाने प्रत्यक्ष घेतलेली रक्कम ती उचल. व्याज मंजुरीवर नव्हे, उचलीवर आकारले जाते. मासेमारीत १ जून ते ३१ जुलै हा बंदीकाळ असतो. नव्या हंगामासाठी नौकामालक खलाशांना आगाऊ पैसे देतात. ही उचल मालकाचे येणे व खलाशाचे देणे असून काम होईल तसतशी ती मजुरीतून वळती होते.

समजा, मोहोराच्या वेळी बागायतदाराने वाशीच्या अडत्याकडून ५०,००० रुपये घेतले व त्यांपैकी १०,००० घरी वापरले. रोजकीर्दीत दोन्ही नोंदी ‘उचल’ म्हणूनच पडतात. पहिली जमेस, दुसरी नावे. वस्तुतः पहिली रक्कम देणे आहे, उत्पन्न नव्हे. तिला उत्पन्न मानल्यास फळ विकण्यापूर्वीच नफा दिसतो आणि पुढे अडत्याने पट्टीतून ती कापली की तोट्याचा भास होतो.

शासकीय कार्यालयांत कोषागारातून रक्कम काढणे म्हणजे ‘आहरण’ आणि आगाऊ रक्कम म्हणजे ‘अग्रिम’ असे दोन शब्द असल्याने हा घोटाळा टळतो.

मजुराच्या बाबतीत प्रश्न केवळ हिशेबाचा राहत नाही. उचलीपोटी मजुरीविना वा नाममात्र मजुरीवर राबावे लागत असेल, किंवा काम सोडण्याचे स्वातंत्र्य हिरावले जात असेल, तर वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम, १९७६ लागू होतो व ते कर्ज फेडण्याचे दायित्वच संपुष्टात येते. अशी तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे अथवा दक्षता समितीकडे नेता येते.

म्हणून ‘उचल’ एवढेच न लिहिता कोणी, कोणास, कशासाठी दिली आणि ती कशातून फिटणार, हे नोंदवावे. मजुरास त्याची प्रत द्यावी. शिक्षकांनी वर्गात आणि पंचायत सदस्यांनी गावात एवढे समजावून दिले, तरी अनेक तंटे वहीतच मिटतील.