न दुखणारा चट्टा

तापलेल्या तव्याला बोट लागलं की हात झटकन मागे येतो. हे काम चेतापेशींचं. चेतापेशी म्हणजे एक पेशीकाय आणि त्यातून निघालेला लांब तंतू. पायाच्या अंगठ्याची खबर आणणाऱ्या पेशीचा पेशीकाय कण्याजवळ असतो. तंतू जवळजवळ 1 मीटर. वायरीला असतं तसं त्यावर दुसऱ्या पेशींचं आवरण असतं.

कुष्ठरोगाचा जंतू नेमका या आवरणात शिरतो. तंतू बिघडतो, निरोप पोचत नाही. वॉर्डात एक मावशी आल्या होत्या. हात भाजल्याचं त्यांना वासावरून कळलं. चट्टा दुखत नाही, म्हणून आपण दाखवत नाही. पुढे जखमा चिघळतात, बोटं वाकडी होतात.

घरात कुणाला फिकट किंवा लालसर चट्टा असेल, तर त्याला डोळे मिटायला सांगा आणि चट्ट्यावर कापूस हलकेच टेकवा. कळलं नाही, तर लगेच सरकारी दवाखाना गाठा. औषध मोफत आहे, 6 किंवा 12 महिन्यांचं. रोग बरा होतो; पण मेलेली नस सहसा परत येत नाही, म्हणून उशीर नको.

हे पापाचं फळ नाही. रोग्याचं ताट वेगळं करू नका. ताट वेगळं ठेवणं काय असतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.