रंगाआधी पत्रा पाहा

बिलावर ‘दोन्ही दरवाजे दुरुस्त’ असं लिहिलं होतं. मिशिगनमधल्या मराठी मालकाने आपला १९५० सालचा शेवरले ३१०० पिकअप ताब्यात घेताना दार उघडलं आणि तो जागीच थांबला. खिडकीत, पुढच्या बाजूला, वाऱ्यासाठी फिरवायची छोटी तिकोनी काच होती. शेवरलेने या पिकअपना ती काच १९५१पासून दिली. म्हणजे दरवाजे दुसऱ्याच गाडीचे आणून बसवले होते आणि पैसे मात्र पत्राकामाचे लावले होते.

“एवढ्या जुन्या गाडीत हे चालायचंच,” वर्कशॉपवाला म्हणाला. मूळ दरवाजे कुठे गेले, याचं उत्तर त्याने शेवटपर्यंत दिलं नाही. उलट पूर्ण बिल भरल्याशिवाय गाडी हलणार नाही, असं सुनावलं. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत थकलेल्या बिलापोटी गाडी अडवून ठेवायचा हक्क गॅरेजला कायद्यानेच आहे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मालकाने पैसे मोजले. याला दुरुस्ती म्हणत नाहीत, अडवणूक म्हणतात.

घरी केबिनच्या मागच्या खालच्या कोपऱ्यांना त्याने लोहचुंबक लावून पाहिलं. चिकटेना. तिथे पाणी आणि चिखल साचतो, त्यामुळे या गाड्यांचे हे कोपरे हमखास गंजतात. सडलेला पत्रा कापून नवा वेल्ड करायचा, तर त्यावर पुट्टी थापून वर चकचकीत रंग मारला होता.

जुना पिकअप दुरुस्तीला देणाऱ्याने रंग चढण्याआधी उघडा पत्रा स्वतः जाऊन पाहावा. वर्कशॉपने पाठवलेल्या फोटोंवर भागवू नये, त्यात चांगलीच बाजू येते. गाडी सोडताना दरवाजे, बॉनेट, मडगार्ड यांचे आतून-बाहेरून फोटो काढावेत आणि आतल्या बाजूला खूण करावी. काढलेला प्रत्येक भाग परत मिळेल, हे लेखी घ्यावं. पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत. पावत्या जपाव्यात.

इंजिनाबाबत तर जास्तच सावध राहावं. या गाडीच्या २१६ घनइंची, सहा सिलिंडरच्या इंजिनात कनेक्टिंग रॉडची बेअरिंग बॅबिट नावाचा मऊ मिश्रधातू ओतून केलेली असतात. आजच्यासारखी तयार बेअरिंग आणून बदलली, असं तिथे होत नाही, आणि ओतकाम जाणणारे कारागीर आता मोजकेच. ‘इंजिन नवं केलं’ असं सांगणाऱ्याला बॅबिट कुणाकडून ओतून घेतलं ते विचारावं. नाव सांगता आलं नाही, तर पुढचा हप्ता देऊ नये.