इंग्रजी शब्दांचा अभ्यास : घालविणे, काढणे व निघून जाणे

'तो गेला', 'तो निघाला', 'त्यास काढले', 'त्यास हाकलले', 'त्यास वाळीत टाकले' ह्या पाचही वाक्यांत माणूस जागेवर नाही ही गोष्ट एकच आहे. तरी प्रत्येकाचा अर्थ निराळा, हे आपल्या घरचे लहान मूलही जाणते. इंग्रजीतही असेच आहे. परंतु ती भाषा परकी असल्यामुळे आपण अशा सर्व शब्दांस 'काढून टाकणे' हा एकच अर्थ लावतो. मग हाती आलेल्या कागदाने अकारण घाबरतो, किंवा जागे होण्याची वेळ असता स्वस्थ बसतो. म्हणून असा शब्द भेटला म्हणजे वाचकाने तीन प्रश्न विचारावे : कोणी घालविले? कोठून घालविले? आणि परत येण्याची वाट उरली आहे की नाही? ह्यांत तिसरा प्रश्न मुख्य होय.

१. हाकण्याचे शब्द

लॅटिन भाषेत 'पेलेरे' म्हणजे हाकणे, ढकलणे. त्यापासून 'एक्स्पेल' म्हणजे बाहेर हाकणे, 'रिपेल' म्हणजे मागे हटविणे, आणि 'डिस्पेल' म्हणजे पांगविणे, असे शब्द झाले. विद्यार्थ्यास 'एक्स्पेल' करतात, शत्रूचा हल्ला 'रिपेल' करतात, मनातील शंका 'डिस्पेल' करतात. मुलाच्या शाळेकडून आलेल्या पत्रात 'सस्पेंड' असा शब्द असेल, तर दार केवळ लोटलेले आहे. ठरलेली मुदत संपल्यावर किंवा चौकशीनंतर ते उघडू शकते. 'एक्स्पेल' असेल, तर नाव पटावरून कमी केले असे समजावे.

'डिपार्ट' ह्या शब्दात हाकणारा कोणीच नाही. जाणारा आपण होऊन निघतो. म्हणून आगगाडीच्या वेळापत्रकात 'डिपार्चर' असते. मृत मनुष्यास 'डिपार्टेड' म्हणतात, तेही ह्याच सौम्य अर्थाने. आपण 'ते गेले' म्हणतो तसेच.

२. कचेरीतील शब्द

सरकारी नोकराविषयी 'रिमूव्ह' व 'डिसमिस' हे दोन शब्द येतात. भारताच्या संविधानाच्या ३११ व्या अनुच्छेदात ते दोन्ही जवळजवळ आले आहेत, आणि ते एकाच अर्थाचे नव्हेत. केंद्र सरकारच्या १९६५ च्या सेवा नियमांप्रमाणे 'रिमूव्ह' झालेल्या मनुष्यास पुढे सरकारी नोकरी मिळण्यास त्या शिक्षेमुळे अपात्रता येत नाही. 'डिसमिस' झालेल्यास, म्हणजे बडतर्फ झालेल्यास, ती सामान्यतः येते. नोकरी दोघांचीही गेली. परंतु एकाच्या मागे दार उघडे राहिले व दुसऱ्याच्या मागे बंद झाले.

'एव्हिक्ट' म्हणजे घरातून किंवा जमिनीवरून कायद्याच्या बळाने निघावयास लावणे. ज्या लॅटिन शब्दापासून तो आला त्याचा अर्थ 'जिंकणे' असा आहे. अर्थात् न्यायाच्या मार्गाने जिंकून ताबा घेणे. परंतु 'एव्हिक्शन'ची नोटीस आणि 'एव्हिक्शन'चा हुकूम ह्यांत अंतर आहे. केंद्र सरकारच्या जागांविषयी १९७१ चा जो कायदा आहे, त्यात आधी कारणे दाखवा नोटीस, मग हुकूम, आणि हुकुमावर जिल्हा न्यायाधीशाकडे अपील, असा क्रम आहे. म्हणून असा कागद येताच तारीख व मुदत पाहावी आणि उत्तर द्यावे. कागद फळीवर ठेवून मुदत घालवू नये.

'एक्सटर्न' म्हणजे तडीपार करणे. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याने (हल्ली त्याचे नाव महाराष्ट्र पोलीस कायदा असे आहे) तडीपारी जास्तीत जास्त दोन वर्षांची असू शकते. म्हणजे ह्या शब्दातही परतीची वाट आहे. उलट, 'डिस्चार्ज' हा शब्द ऐकून भिऊ नये. इस्पितळातून 'डिस्चार्ज' म्हणजे रोग्यास घरी जाण्याची परवानगी, आणि फौजदारी न्यायालयात आरोपीस 'डिस्चार्ज' म्हणजे खटला चालविण्यापूर्वीच त्याची मोकळीक.

३. रोगांविषयीचे शब्द

येथे चुकीचा अर्थ घेतल्यास अधिक हानी होते, म्हणून थोडे थांबून पाहू. 'एलिमिनेट' ह्यात लॅटिन 'लिमेन' म्हणजे उंबरठा हा शब्द आहे. मूळ अर्थ, उंबरठ्याबाहेर घालविणे. 'इरॅडिकेट' ह्यात 'रॅडिक्स' म्हणजे मूळ. अर्थ, मुळासकट उपटणे. उंबरठ्याबाहेर घालविलेले पुन्हा आत येऊ शकते. मुळासकट उपटलेले पुन्हा उगवत नाही.

देवीचा रोग १९८० साली जगातून 'इरॅडिकेट' झाल्याचे जाहीर झाले. म्हणून आज देवी टोचीत नाहीत. पोलिओचे तसे नाही. भारत पोलिओमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र २०१४ साली मिळाले, तरी तो रोग जगातून गेलेला नाही. म्हणून आपल्या बाळांस डोस द्यावाच लागतो. कुष्ठरोगाविषयी तर शब्दाचा अर्थ आणखी मर्यादित आहे. डिसेंबर २००५ मध्ये भारताने कुष्ठरोगाचे 'एलिमिनेशन' साधले असे जाहीर झाले. त्याचा अर्थ इतकाच की, सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून त्याचे प्रमाण देशात सरासरी दर दहा हजार लोकांमागे एकाहून कमी झाले. रोगी उरलाच नाही, असा अर्थ कोणी घेतला, तर तो अंगावरील बधिर चट्टा दाखविणार नाही, आणि औषध मोफत मिळत असता हातपाय गमावून बसेल.

४. समाजातून घालविण्याचे शब्द

ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकात अथेन्स नगरात लोक खापराच्या तुकड्यावर एखाद्या पुढाऱ्याचे नाव कोरीत. सहा हजार खापऱ्या पडल्या म्हणजे त्यास दहा वर्षे नगर सोडावे लागे. खापरीस ग्रीक भाषेत 'ऑस्ट्राकॉन' म्हणत. त्यावरून 'ऑस्ट्रसाइझ' हा शब्द आला. तरी त्याची मालमत्ता त्याचीच राही, व मुदत संपल्यावर तो परत येई.

'बॉयकॉट' हे मुळी एका मनुष्याचे नाव. १८८० साली आयर्लंडच्या मेयो परगण्यात जमीनदाराचा कारभारी चार्ल्स बॉयकॉट कुळांस 'एव्हिक्ट' करू लागला. तेव्हा लोकांनी त्याचे शेत कापले नाही, दुकानदारांनी त्यास माल दिला नाही. दुर्बळांनी बळवंताविरुद्ध उचललेले ते हत्यार होते. तेच हत्यार गाव किंवा जातपंचायत एका कुटुंबावर उचलते, तेव्हा अर्थ उलटा होतो. महाराष्ट्राच्या २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने तो गुन्हा ठरला आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अथेन्सची खापरीही दहा वर्षांनी माघारी बोलावीत असे. आमच्याकडील वाळीत टाकण्यास मुदतच नसे, हे वाचकांनी मनात आणावे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. 'सस्पेंड' व 'एक्स्पेल', 'रिमूव्ह' व 'डिसमिस' ह्या जोड्यांत परतीची वाट कोणत्या शब्दात आहे?
२. 'कुष्ठरोग एलिमिनेट झाला' असे कोणी म्हटल्यास त्यास काय समजावून सांगाल?
३. आपल्या घरातील एखादा इंग्रजी कागद काढून त्यात ह्या पाठातील कोणता शब्द आहे ते शोधा, व वरील तीन प्रश्न त्यास लावून पाहा.